विद्यार्थ्याची तक्रार आणि तिच्यावरचे अपील



गोदेच्या काठी वसंतात व्याख्याने ऐकण्याची आपल्या गावाला जुनी सवय आहे. मोठमोठे विषय येथे होतात. आजचा विषय त्या मानाने लहान आहे, कारण तो लहान माणसाचा आहे. शाळेत एखाद्या मुलावर अन्याय झाला तर त्याने तो कोणास सांगावा, आणि ज्यास सांगितला त्याने कानाआड केला तर पुढे कोठे जावे, एवढेच मला आज बोलावयाचे आहे. मूल घरी येऊन काही सांगू लागले की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आधी तू काय केलं होतंस?" तक्रारीचा निकाल तेथेच, उंबरठ्यावर, लागून जातो.

टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट ठाऊक नाही असे मराठी मूल सापडणार नाही. ती घडली तशी घडली की पुढे रंगली, ह्या वादात मी शिरत नाही. आपण ती बाणेदारपणाची गोष्ट म्हणून सांगतो. पण जरा निराळ्या नजरेने पाहा. आरोप ठेवणारे मास्तर, चौकशी करणारे मास्तर आणि शिक्षा सुनावणारेही मास्तरच! त्या मुलाच्या बाजूस एक गोष्ट मात्र होती. त्याचे वडील गंगाधरपंत स्वतः शिक्षक होते आणि पुढे शिक्षणखात्यात शाळांच्या तपासणीवर चढले. मास्तरांपलीकडेही कोणी असतो, हे त्या घरात माहीत होते. ज्याचा बाप भाजी विकतो किंवा एखाद्या कारखान्यात पाळीवर जातो, त्या मुलाने काय करावे?

त्याचे उत्तर आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यात, धारवाडास, एका मुलाने १८५६ साली देऊन ठेवले आहे. हा मुलगा महार जातीचा. सरकारी शाळेत प्रवेश मागावयास गेला तो नाकारण्यात आला. तेव्हा त्याने जूनमध्ये थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे. तत्त्वतः न्याय तुझ्या बाजूस आहे हे त्यांनी मान्य केले. परंतु एका मुलाला आत घेतले तर बाकीची मुले निघून जातील आणि शाळा ओस पडेल, सबब प्रवेश देता येत नाही! अन्याय कबूल करूनही तो कायम ठेवण्याची ही सरकारी हातोटी तेव्हापासूनची आहे. पण प्रकरण तेथे मिटले नाही. पुढल्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने ह्यात लक्ष घातले आणि बंगालमध्ये अशा मुलाला नकार मिळाला नसता असे मुंबईकरांस कळविले. प्रकरण लंडनला कंपनीच्या डायरेक्टरांपर्यंत गेले, आणि १८५८ साली त्यांनी ठरवून टाकले की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींस खुल्या असल्या पाहिजेत. हे तत्त्व गावोगावच्या शाळांत उतरावयास पिढ्या लागल्या, हेही खरे. तरी हंटर कमिशनने १८८२ साली ते प्रकरण पुन्हा उकरून काढले आणि डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढच्या निवेदनात ते पुराव्यादाखल मांडले. सत्तर-बहात्तर वर्षांनी ते हाती लागले ते कशामुळे? अर्ज लेखी होता आणि उत्तरही लेखी होते म्हणून. तो मुलगा मास्तरांपुढे रडून घरी परतला असता तर आज त्याच्याविषयी कोणी चकार शब्द बोलला नसता.

आता स्वतंत्र भारतात या. खाजगी शाळेतील शिक्षकास संस्थेने अन्यायाने काढून टाकले तर त्याने कोठे जावे, ह्याचा विचार महाराष्ट्राने १९७७ सालीच कायदा करून केला. तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. हे उत्तमच झाले. शिक्षक निर्भय असल्याखेरीज शाळा नीट चालत नाही. पण त्याच शाळेतल्या, त्याच वर्गातल्या मुलासाठी तशी वाट कायद्यात उमटावयास २००९ साल उजाडावे लागले. बत्तीस वर्षांचे हे अंतर मला बोलके वाटते.

तो २००९चा कायदा म्हणजे बालकांच्या शिक्षणहक्काचा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. त्याच्या सतराव्या कलमाने मुलास मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींस बंदी केली. छडीविषयी आपल्या पिढीला जे कौतुक आहे ते कायद्याला नाही. परंतु माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे कलम बत्तिसावे आहे, आणि ते फारसे कोणी वाचत नाही. मुलाच्या हक्कासंबंधी गाऱ्हाणे असलेली कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. हे प्राधिकरण म्हणजे शहरात महानगरपालिका किंवा नगरपालिका, खेड्यात जिल्हा परिषद आणि पंचायत. त्यांनी संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यावयाचा. तो पटला नाही तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. "कोणतीही व्यक्ती" ह्या शब्दांत बाप आला, आजी आली, शेजारी आला, आणि ते मूलही आले.

नववी-दहावीच्या मुलाला ह्या कायद्याचे छत्र उरत नाही. त्याने मुख्याध्यापकांकडून जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तेथून विभागाच्या शिक्षण उपसंचालकांकडे जावयाचे. ती कचेरी येथे नाशकातच आहे.

परीक्षेच्या गुणांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. आपल्या राज्य मंडळाचा पूर्वी नियम असा होता की फक्त बेरीज तपासून मिळेल. उत्तरपत्रिका पाहावयास मिळणार नाही आणि फेरतपासणीही नाही. विद्यार्थी कोर्टात गेले. १९८० साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची बाजू घेतली, पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि मंडळाचा नियम वैध ठरविला. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २०११ साली, त्याच न्यायालयाने माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थ्यास स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते असे सांगितले. आज मंडळ छायाप्रत देते, आणि ती हाती आल्यावर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. आपलाच पेपर आपल्याला दिसावा एवढ्यासाठी किती उन्हाळे गेले!

ह्यावर शिक्षकमंडळींची एक शंका असते, आणि ती खोटी नाही. मुले उठसूट तक्रारी करतील, शिस्त राहणार नाही, एखादा सज्जन मास्तर हकनाक बदनाम होईल. म्हणूनच तर दोन्ही बाजू ऐकणारा तिसरा माणूस हवा. तक्रार कागदावर आली, तिला उत्तर देण्याची संधी मिळाली, तर निर्दोष मास्तर चौकशीत सुटतो. कुजबुजीतून मात्र कोणी सुटत नाही.

शाळांतून तक्रारपेट्या लावण्याचा सरकारी निर्णय २०१७चा आहे. २०२२ साली सखी सावित्री समित्यांचा आदेश निघाला. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरास काय झाले ते आपण सर्वांनी वाचले आहे. त्या मुली चार वर्षांच्या होत्या. चार वर्षांचे मूल चिठ्ठी लिहून पेटीत टाकणार आहे काय? ते आईपाशी बोलते, किंवा नुसते शाळेत जावयास नकार देते. अशा वेळी तक्रार ऐकणे हे मोठ्या माणसाचे कर्तव्य होते. २०१२च्या लैंगिक अपराधांविषयीच्या बालसंरक्षण कायद्यात ते स्पष्ट लिहिले आहे: ज्याला असा प्रकार कळला त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ते दडविले तर एक वर्षापर्यंत कैद. बदलापुरात संस्थाचालकांवर ह्याच कारणाने गुन्हा नोंदला गेला. पण तोवर हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर बसले होते. असा प्रकार कानी आला तर शाळेच्या समितीची वाट पाहू नका. पोलिसांकडे जा, किंवा १०९८ ह्या क्रमांकावर फोन करा.

बाकीच्या गाऱ्हाण्यांसाठी मात्र एक साधी गोष्ट करा. अर्ज दोन प्रतींत लिहा, मुलाकडूनच लिहवून घ्या, तारीख घाला आणि एका प्रतीवर पोच घ्या. पोच नसेल तर तीन महिने कोणत्या दिवसापासून मोजावयाचे? वरच्या पायरीवर पहिला प्रश्न हाच येतो, आणि पुष्कळ पालक तेथेच अडकतात. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ह्या मंडपातही अशा समित्यांचे सभासद बसलेले असतील. सहीपुरते जाऊ नका.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. मुलाला घेऊन जाल तेव्हा मुख्याध्यापकांना विचारा की तक्रारींची नोंदवही आहे का, आणि गेल्या वर्षी तिच्यात काय लिहिले गेले. "आहे, या, पाहा," असे म्हणाले तर मूल खुशाल तेथे ठेवा. "आमच्याकडे तक्रारच येत नाही," असे अभिमानाने सांगितले, तर तक्रारपेटीची किल्ली कोणापाशी असते आणि ती शेवटची कधी उघडली, एवढे विचारून मगच घरी या.