कॅमेऱ्याची चकती फिरवताना

(न्यासाच्या सभासदांच्या कौटुंबिक मेळाव्यात, नवनगर येथे दिलेले भाषण)



मी पेशाने शिक्षक, छायाचित्रकार नव्हे. तरीही डिजिटल कॅमेऱ्याविषयी चार शब्द सांगण्याची चिटणीसांची आज्ञा मी मानली, कारण या विषयात माझ्या पदरी एक चूक जमा आहे.

काही वर्षांपूर्वी ईदच्या सकाळी अम्मी घराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. डोक्यावर पांढरी ओढणी, पाठीमागे अंगणात लख्ख ऊन. मी घरातून तिच्याकडे नवा कॅमेरा रोखला, चकती ‘ऑटो’वर ठेवली आणि कळ दाबली. अंगण सुरेख आले. अम्मीचा चेहरा मात्र काळा. “असू दे, पुढच्या ईदला काढू,” असे मी म्हणालो. पुढची ईद तिने पाहिली नाही. मग ते चित्र संगणकावर उजळून पाहिले. चेहरा दिसू लागला, पण खसखस पेरल्यासारखा दाणेदार.

यात यंत्राचा दोष नव्हता. माझ्या त्या कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला आई आणि अंगण यांतला फरक कळत नव्हता. तो चौकटीतील उजेड मोजून त्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणी. ऊन फार दिसले, म्हणून त्याने उजेड कमी घेतला. याच हिशेबाने पांढरा पोशाख मळकट दिसतो आणि काळी शेरवानी करडी होते. नवे कॅमेरे व मोबाईल चेहरा हुडकतात. तेव्हा ही चूक कमी होते, अगदी नाहीशी होत नाही.

नळाला पाणी आले म्हणजे घागर भरण्याचा हिशेब आपल्या घरोघर ठाऊक आहे. मोठी धार असेल तर थोडा वेळ पुरतो, बारीक असेल तर बराच वेळ लागतो. भिंगाचे छिद्र ही धार, आणि शटर उघडे राहते तो वेळ. एफ ८ वर सेकंदाचा १/१२५ भाग घ्या किंवा एफ ५.६ वर १/२५० घ्या, उजेड सारखाच येतो. आकडा मोठा तर छिद्र लहान, हे मुलांना पटत नाही. तेव्हा मी त्यांना अपूर्णांकांच्या तासाची आठवण देतो. तिसरा आयएसओ. तो वाढवला की अंधारातही चित्र मिळते, पण त्याबरोबर दाणेही येतात.

नवशिक्याने एकदम ‘एम’वर, म्हणजे संपूर्ण स्वहस्ते, जाऊ नये. मी गेलो होतो आणि आठवडाभर काळी-पांढरी भुते काढीत बसलो! आधी चकती ‘पी’वर ठेवून अधिक-उणे चिन्हाचे बटण शिकावे. त्या सकाळी ते अधिक एक-दोन घरे सरकवले असते तर काम झाले असते. ऊन जास्तच पांढरे झाले असते, एवढेच. मग छिद्र आपण ठरवावे, शटर यंत्राने. पुढे याच्या उलट. हुबळी-धारवाड रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून धावती बस १/३० वर टिपा, मग १/५०० वर टिपा. पुस्तक वाचण्याची गरज उरत नाही. संध्याकाळी उणकल तलावावर रंगाची योजना ‘ऑटो’ऐवजी ‘दिवसाचा प्रकाश’ अशी ठेवा. नाहीतर आकाशाची लाली पुष्कळदा यंत्रच धुऊन टाकते.

स्वहस्ते योजना खरी उपयोगी पडते ती उजेड बदलत नसेल तेव्हा. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून चित्रपट केला. आमच्या शाळेत मुलांनी हरभऱ्यावर तोच प्रयोग केला. खोली तीच, दिवा तोच. पण ‘ऑटो’वर, पाने वाढली की उजेड कमी-जास्त होऊन सारे चित्र लुकलुकू लागे. ‘एम’वर ते स्थिर झाले.

एवढे सांगूनही, नातवंड धावत आले तर खुशाल ‘ऑटो’ लावावे. चकती फिरवीपर्यंत ते निघून जाते.

आता समारंभानंतर सर्वांचा एकत्र फोटो निघणार आहे. येताना पाहिले, व्यासपीठामागची मोठी खिडकी उघडी आहे. वडीलधाऱ्यांना तिच्याकडे तोंड करून बसवावे, एवढी कॅमेरा घेतलेल्या तरुणांना माझी विनंती आहे.