चष्म्याची रिकामी फ्रेम



साडेतीन वर्षांचा एक मुलगा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. चष्मा लावला नाही तर नजर कायमची अधू होईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण तो चष्मा अंगाला लावून घेईना. स्वमग्न होता, डोकं आपटून घ्यायचा. ही हकीकत अमेरिकेतली. माँट्रोज वुल्फ, टॉड रिस्ले आणि हेडन मीस यांनी १९६४ मध्ये ती प्रसिद्ध केली. उपयोजित वर्तन-विश्लेषण या शास्त्राची जडणघडण व्हायला लागली, ती अशाच कामांतून.

त्यांनी काय केलं? खोलीत चष्म्याच्या नुसत्या फ्रेम ठेवल्या, भिंगांशिवाय. मुलाने फ्रेमला हात लावला की खेळण्यातली टिकटिकी वाजायची आणि लगेच खाऊ मिळायचा. मग फ्रेम उचलली तर. मग डोळ्यांच्या दिशेने नेली तर. गोळ्या आणि फळांचे तुकडे पुरेनात, तेव्हा त्याच्या न्याहारीचेच घास बक्षीस म्हणून दिले. हे मला पटत नाही. मुलाचं जेवण हा त्याचा हक्क आहे, तो कमवायला लावू नये. पण पायऱ्या पाडण्याची त्यांची पद्धत खरी ठरली. रुग्णालयातून घरी जायच्या वेळी तो मुलगा रोज सुमारे बारा तास चष्मा लावत होता.

आता आपल्या घरात येऊ. मुलाला चड्डी घालायला शिकवायची आहे. आपण पाय घालण्यापासून सुरुवात करतो, मूल अर्ध्यात कंटाळतं, मग आपणच घालून देतो. हे उलट करा. चड्डी मांड्यांपर्यंत तुम्ही चढवा आणि कमरेपर्यंत ओढायचं तेवढं त्याला करू द्या. जमलं की त्याच क्षणी म्हणा, ‘शाब्बास, चड्डी वर ओढलीस!’ ते पक्कं झालं की गुडघ्यांपासून, मग घोट्यांपासून. प्रत्येक वेळी काम पूर्ण करणारं मूलच असतं. सुरुवातीला त्याचा हात धरावा लागेल. पुढे मनगटाला आधार, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोटाने खूण. ही मदत ठरवून कमी करत न्यावी लागते, नाहीतर मूल हात धरण्याचीच वाट पाहत बसतं.

वर्तन-विश्लेषणाच्या या शास्त्राच्या सुरुवातीच्या काळात मुलांना चापट्या मारल्या गेल्या, विजेचे झटकेही दिले गेले. ते चूकच होतं. डोळ्यांत बघायची सक्ती, हात फडफडवण्यावर बंदी, यांवर अनेक स्वमग्न प्रौढ आज कडाडून टीका करतात, आणि त्यांचं ऐकलंच पाहिजे. हात फडफडवल्याने कोणाला इजा होत नाही, मग ते थांबवायचं कशाला? शिकवायचं ते मुलाच्या उपयोगाचं.

तेव्हा पालकांनो, एकच काम निवडा आणि काही आठवडे तेच धरून ठेवा. घरातल्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवा की मायेपोटी चड्डी पटकन वर ओढून द्यायची नाही, ती त्याची त्यालाच ओढू द्या.