वेळ होता का, असं कायदा विचारतो

(विश्रामबाग, सांगली येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'स्त्री आणि स्वसंरक्षण' असा विषय मला दिला आहे. हा विषय निघाला की बहुतेकींना कराटे आठवतं. कुठं काही घडलं की पंधरा दिवसांत शाळा-कॉलेजांतून शिबिरं भरतात, मुली पांढऱ्या पोषाखात रांगेनं उभ्या राहतात, पाहुणे येतात, फोटो निघतो. मुलींनी शिकावंच, अंगात जोर असलेला बरा. पण मुलीनं तो ठोसा खरोखर मारला आणि समोरचा आडवा झाला, तर पुढं पोलीस ठाण्यात काय लिहून घेतलं जातं, हे त्या शिबिरात कोणी सांगत नाही. मला आज त्या 'पुढं'विषयी बोलायचं आहे.

त्यासाठी नागपूरचा कस्तुरबानगरचा खटला घेते. २०२१ साली त्यावर '२०० हल्ला हो' हा सिनेमा आला, २०२२ साली माहितीपटांची मालिका आली, आणि तेव्हापासून कॉलेजच्या मुली मला विचारतात, "ताई, त्या बायकांनी बरोबर केलं ना?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

कस्तुरबानगर ही उत्तर नागपुरातली, जरीपटका पोलीस ठाण्याच्या हद्दीतली, मुख्यतः दलितांची वस्ती. भरत कालीचरण ऊर्फ अक्कू यादव या गुंडानं तिथं कित्येक वर्षं दहशत बसवली होती. खंडणी, मारहाण, घरात शिरून बायकांवर अत्याचार. त्याला अनेकदा अटक झाली आणि अनेकदा तो सुटून आला. तक्रार करायला गेलेल्या बाईचं नाव तिच्या आधी अक्कूपर्यंत पोचतं, असं वस्तीतल्या बायका सांगत. १३ ऑगस्ट २००४ ला त्याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणलं होतं. तो जामिनावर सुटणार अशी बोलवा होती. दुपारी वस्तीतला जमाव, त्यात पुष्कळ बायका, आत शिरला. पोलिसांच्या डोळ्यांत तिखट गेलं आणि न्यायालयाच्या खोलीतच अक्कूला मारण्यात आलं. अंगावर ७० हून अधिक वार होते असं तेव्हा छापून आलं. पाच बायकांना पकडलं, तर बाकीच्या म्हणाल्या, मारलं ते आम्ही सगळ्यांनी, अटक करायची तर सगळ्यांना करा.

वर्तमानपत्रांतून वाद पेटला. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती भाऊ वहाणे यांनी जाहीरपणे बायकांची बाजू घेतली. त्यांना दुसरा मार्गच उरला नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरीकडून विचारलं गेलं की न्यायालयाच्या खोलीतच माणूस मारला जाणार असेल तर कायदा कशासाठी? खटला दहा वर्षं चालला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सगळे आरोपी सुटले.

इथं थांबून नीट पाहिलं पाहिजे. 'बायका सुटल्या म्हणजे स्वसंरक्षण मान्य झालं' असं मी कितीतरी ठिकाणी ऐकलं आहे. तसं झालेलं नाही. आरोपी सुटले ते पुराव्याअभावी. बायकांचा हक्क होता की नव्हता, हा प्रश्न त्या निकालानं सोडवला नाही. सोडवणार तरी कसा? 'मी मारलं, पण जीव वाचवण्यासाठी मारलं' असं म्हणायचं तर आधी 'मी मारलं' हे कबूल करावं लागतं. फाशी-जन्मठेपेच्या कलमाखाली उभी असलेली कोणती बाई ते करेल?

आणि त्या दिवशी जे झालं त्याला स्वसंरक्षण म्हणता येईल का? त्याच महिन्यातली दुसरी एक तारीख पाहू. ४ ऑगस्ट. उषा नारायणे ही वस्तीतली शिकलेली मुलगी अक्कूविरुद्ध पोलिसांकडे गेली होती. तिनं सांगितलेली हकिगत अशी, की अक्कू माणसं घेऊन तिच्या दारात आला, ॲसिड टाकण्याची धमकी दिली, दार फोडायला लागला. तिनं आतून गॅसचं सिलिंडर उघडलं, काडी हातात धरली आणि ओरडली, आत याल तर सगळ्यांना उडवीन. ते मागं हटले. कोणाला ओरखडाही उठला नाही. हे स्वसंरक्षण. कायद्याच्या पुस्तकात उदाहरण म्हणून छापावं इतकं स्वच्छ. पण चर्चा होते ती तेरा तारखेची.

कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगते. जुन्या भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ ही कलमं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तीच तरतूद ३४ ते ४४ या कलमांत आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराचा हेतू, पळवून नेणं, आणि २०१३ पासून ॲसिडचा हल्ला, अशा प्रसंगी बाईच्या हातून हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. वार अंगावर पडेपर्यंत थांबायचीही गरज नाही. भीती सुरू झाली की हक्क सुरू होतो आणि भीती असेपर्यंत राहतो. पण दोन अटी आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि पोलिसांकडे, सरकारकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही.

ही दुसरी अट आपल्याला अडवते. तेरा तारखेला अक्कू पोलिसांच्या ताब्यात होता. पोलीस समोर, न्यायाधीश त्याच इमारतीत. कागदावर पाहिलं तर सरकारकडे धाव घ्यायला याहून जवळची जागा नाही. म्हणून माझं मत असं, की त्या दिवशीच्या घटनेला कायद्याच्या अर्थानं स्वसंरक्षण म्हणता येणार नाही. हे बोलताना मला त्या बायकांना दोष द्यायचा नाही. पण कायदा धरून चालतो की बाईला 'वेळ होता' म्हणजे वाट होती. कस्तुरबानगरच्या बायकांनी तो वेळ वापरला होता. त्या ठाण्यात गेल्या होत्या, एकदा नव्हे. त्या वेळी काय लिहून घेतलं, काय घेतलं नाही, याचा हिशेब अक्कूच्या खुनाच्या खटल्यात होणार नव्हता. तिथं आरोपी वस्तीतली माणसं होती, पोलीस ठाणं नव्हे. निकाल लागला, बायका सुटल्या, आणि त्यांच्याबरोबर ठाणंही सुटलं.

आपल्याला याची उलटी बाजूही ठाऊक आहे. मथुरा खटला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. कारणांत एक मोठं कारण असं की अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ साली त्यावर खुलं पत्र लिहिलं, १९८० साली देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती समजू नये, हे स्पष्ट शब्दांत कायद्यात यायला तर २०१३ साल उजाडावं लागलं. म्हणजे बाईनं हात उचलला नाही तर विचारायचं, का नाही उचलला? आणि उचलला तर विचारायचं, इतक्या जोरात का उचलला, आणि तेव्हाच का?

हे 'तेव्हाच का' फक्त आपल्याकडं विचारतात असंही नाही. इंग्लंडात क्रॉली इथं किरणजित अहलुवालिया या पंजाबी बाईनं दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ साली झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. तो झोपला होता, मध्ये वेळ गेला होता, म्हणून खून ठरला आणि जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेनं लढा दिला आणि १९९२ साली ती सुटली. पण कशावर? तिची मानसिक अवस्था बिघडलेली होती या मुद्द्यावर. रोज मार खाणारी बाई शुद्धीवर असून, हिशेबानं, घाबरलेली असू शकते, हे म्हणायला तिथलं न्यायालयही तयार झालं नाही. वेडाच्या दारानं तिला बाहेर काढलं. सुटली हे चांगलंच, पण मला ते दार आवडत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. नाव, गाव, तालुका काहीच सांगत नाही. नवऱ्यानं रात्री गळा दाबला. सैपाकघरातच अंथरूण, हाताला वरवंटा लागला, तो तिनं डोक्यात घातला. नवरा वाचला, टाके पडले. तिच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा. त्याआधी ती तीन वेळा ठाण्यात गेली होती. दोनदा 'नवरा-बायकोचं आहे, मिटवून घ्या' म्हणून परत पाठवली, एकदा अदखलपात्र नोंद करून चिठ्ठी हातात दिली. गुन्ह्याच्या कागदात मात्र 'घरगुती वादातून रागाच्या भरात' एवढंच. गळा कुठंच नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा शेजारी पोलीस उभा, डॉक्टरांनी विचारलं काही तक्रार आहे का, ती नाही म्हणाली. गळ्यावरचे वळ चार दिवसांत गेले. नातेवाइकांनी दिलेल्या वकिलांनी सल्ला दिला, 'तो पाय घसरून पडला असं सांग.' त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण 'मारलंच नाही' म्हटल्यावर 'का मारलं' हे सांगायला जागाच राहत नाही. खरं तर आरोपीनं स्वसंरक्षणाचा मुद्दा मांडला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयानं तो पाहावा, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे. पण पुराव्यात गळाच नसेल तर न्यायालय कुठून पाहणार? ती चिठ्ठी तिनं डब्यात जपून ठेवली होती म्हणून आता बोलायला काहीतरी हातात आहे. खटला चालू आहे.

मघाशी एक काकू म्हणाल्या, "असल्यांना उभं ठोकलं पाहिजे, आपल्या प्रतिसरकारनं ठोकलंच की." सांगलीत हा दाखला निघणारच. १९४३ ते ४६ या काळात कुंडल भागात लोकांनी न्यायमंडळं चालवली, दरोडेखोरांना आणि बायकांवर हात टाकणाऱ्यांना शिक्षा दिल्या, हे खरं. पण तिथं गावासमोर म्हणणं ऐकून घेतलं जाई, आणि वरचं सरकार परकं होतं. आजचं सरकार आपण निवडून दिलेलं आहे. त्याला 'तुम्ही ठोका' म्हटलं की ते कोणाला ठोकतं, ते आपण २०१७ साली याच सांगलीत पाहिलं. शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एक तरुण मेला आणि त्याचं प्रेत आंबोलीला नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसच अटकेत गेले. त्याच्यावर आरोप होता तो लुटीचा. हैदराबादला २०१९ साली चार आरोपी 'चकमकीत' मेले तेव्हा पेढे वाटले गेले. पुढं न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगानं ती चकमक खोटी ठरवली. ज्या ठाण्यात बाईची तक्रार लिहून घेत नाहीत त्याच ठाण्याच्या हातात बंदूक देऊन आपण सुरक्षित होणार, हे मला पटत नाही. उषा नारायणेची काडी वेगळी आणि पोलिसांची गोळी वेगळी.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे कागद. तोंडी तक्रार करून परत येऊ नका. नोंद करत नसतील तर लेखी अर्ज रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा. तशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात आहे. अदखलपात्र नोंदीची चिठ्ठीही फेकू नका. उद्या 'वेळ होता, मग आमच्याकडं का नाही आलीस' असं विचारलं, तर हे कागदच उत्तर देतील.

आणि हात उचलावाच लागला तर? अटक झालेल्या प्रत्येकाची डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, बाईची बाई डॉक्टरकडून किंवा तिच्या देखरेखीखाली, आणि अहवालाची प्रत मागता येते. तिथं लाजू नका. गळा, मनगट, पाठ, सगळं दाखवा, कधी आणि कशानं झालं ते लिहून घ्यायला लावा. 'राग आला' असा शब्द तुमच्या तोंडी कोणी घालत असेल तर थांबवा. भीती वाटली असेल तर भीती म्हणा, कायदा भीतीबद्दल विचारतो. स्वसंरक्षण सिद्ध करायचं ओझं आपल्यावर असतं, पण ते शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, तसं घडलं असणं संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं. आणि काहीही सांगण्याआधी वकील मागा. उत्पन्न कितीही असो, कोणत्याही बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानं. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं साधा अर्ज करायचा असतो, आणि ते आपल्या जिल्हा न्यायालयातच, इथून जवळ विजयनगरला आहे. कोणाला सोबत हवी असेल तर आता चहाच्या वेळी मला भेटा, अर्जाचे नमुने पिशवीत आहेत.