जुन्या घड्याळाची चावी

श्रोतेहो, आपल्या घरातल्या एखाद्या ट्रंकेत, जुन्या दाखल्यांच्या पुडक्याशेजारी, बंद पडलेले मनगटी घड्याळ असेल. असल्यास जरूर काढा. पण दुरुस्तीला देण्यापूर्वी माझी एक चूक ऐकून ठेवा.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांच्या हातावर एच. एम. टी.चे 'जनता' घड्याळ असे. बंगळूरचा हा घड्याळांचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने निघाला. २०१६ च्या जानेवारीत सरकारने तो बंद करण्याचे ठरविले. घड्याळ अगदी साधे, १७ ज्वेलचे, रोज चावी द्यायचे. शाळेची घंटा त्या घड्याळावर होई आणि घड्याळ रेडिओच्या बातम्यांवर लावले जाई.

वडील गेल्यावर मी ते शहरातल्या एका दुकानात दिले. "नवेकोरे करून देतो," दुकानदार म्हणाला. मी मान डोलावली. आठ दिवसांनी पाहतो तो तबकडी गडद निळी, चकचकीत! कडेला पिवळसर झालेला मूळचा पांढरा रंग खरवडून टाकलेला. आईने घड्याळ उलटसुलट पाहिले आणि विचारले, "छान आहे. कुणाचं रे?"

यावर मी काय बोलणार?

तेव्हा घड्याळजीला आधीच बजावा, की तबकडी आणि काटे यांना हात लावायचा नाही. काच बदलली तर चालेल, पट्टा तर बदलावाच लागतो. खरे काम आत असते. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने तेल वाळून चिकट होते. यंत्र पूर्ण सुटे करून, धुऊन, नेमक्या जागी थेंब थेंब तेल द्यावे लागते. वरून तेल सोडून घड्याळ चालू करून देणारे लोक आहेत. त्यांच्यापासून दूर राहा. एखादा भाग मोडला असेल तर त्याच जातीच्या दुसऱ्या जुन्या घड्याळातून तो मिळतो.

बाजारातून जुने घड्याळ घेणार असाल तर भडक तबकडीवर आणि जाडसर, फिसकटलेल्या अक्षरांवर संशय घ्या. मागचे झाकण उघडून गंज आहे का ते पाहा. एक दिवस आडवे, एक दिवस उभे ठेवून वेळ ताडून पाहा.

वेळेवरून आठवले. हे घड्याळ सेकंदाला पाच ठोके देते. म्हणजे दिवसाला ४,३२,००० झाले. त्यात ते रोज अर्धा मिनिट मागे पडले, तर शेकडा चूक किती? शिक्षकबंधूंनी वर्गात जरूर विचारावे. मी एवढी चूक चालवून घेतो. पण मध्यंतरी आमचे घड्याळ दिवसाला वीस-वीस मिनिटे पुढे जाऊ लागले. घड्याळजीने विचारले, "रात्री कुठे ठेवता?" मी म्हटले, "रेडिओवर. वडीलही तिथेच ठेवत." तो हसला. कर्ण्यातल्या लोहचुंबकाने आतली केसासारखी कमान भारली जाते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावू लागते. मिनिटभरात त्याने चुंबकत्व काढून दिले.

वडिलांच्या वेळी असे का झाले नाही, कोण जाणे! कदाचित ते रोज बातम्यांना काटे मागे घेत असतील.

आता घड्याळ खुंटीला असते. पाण्याला मी ते लावत नाही. सकाळी चहाआधी चावी देतो. चावी बोटाला जड लागली, की थांबायचे.