चार जागांचा पक्ष

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पाकिस्तानातील इस्लामी राजकारणाचा उगम सहसा लाहोर-कराचीत शोधला जातो. पण त्या राजकारणाचे आद्य भाष्यकार मौलाना अबुल आला मौदुदी जन्मले ते नाशिकपासून काही तासांच्या वाटेवरील औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २५ सप्टेंबर १९०३ रोजी. तेव्हा तेथे निजामाचे राज्य होते. डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली. त्यानंतर उठलेल्या टीकेला उत्तर म्हणून या तरुण संपादकाने जिहादची मांडणी करणारी लेखमाला लिहिली. तिचाच पुढे ग्रंथ झाला.

१९४१ साली लाहोरात पाऊणशे माणसांनिशी ‘जमाते इस्लामी’ उभी राहिली. नवल असे की, मौदुदींचा जिनांच्या मुस्लिम लीगला विरोध होता. पाश्चात्त्य वळणाच्या नेत्यांकडून इस्लामी राज्य येणार नाही, असे ते म्हणत. फाळणी होताच मात्र ते पाकिस्तानात गेले आणि ज्यांनी राज्य मिळवले त्यांनाच विचारू लागले, ‘मग हे राज्य इस्लामी का नाही?’ लीगने इस्लामच्या नावावर मते मागितली होती. तिच्यापाशी उत्तर नव्हते. मार्च १९४९ मध्ये संविधान सभेने उद्दिष्टांचा ठराव संमत केला आणि सार्वभौमत्व अल्लाचे ठरले. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय आदी हिंदू सदस्यांचा विरोध व्यर्थ गेला. पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल १९५० मध्ये पद सोडून भारतात परतले.

१९५३ मध्ये अहमदियांविरुद्ध लाहोरात दंगली पेटल्या. लष्करी न्यायालयाने मौदुदींना फाशी सुनावली. ती पुढे टळली. न्यायमूर्ती मुनीर यांच्या चौकशीत उलेमांना विचारले गेले, ‘मुसलमान कोणाला म्हणावे?’ दोघांचे उत्तर जुळेना! भारतात हिंदूंनी मनुस्मृतीप्रमाणे राज्य करून मुसलमानांना म्लेंच्छ-शूद्र ठरविले तर चालेल काय, या प्रश्नावर मौदुदींनी हरकत नसल्याचे सांगितले. भारतात राहिलेल्या कोट्यवधी मुसलमानांची त्यांच्या लेखी एवढीच किंमत होती. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई या विचारावर का तुटून पडत, हे येथे उमगते.

१९७० च्या निवडणुकीत जमातला ३०० पैकी अवघ्या ४ जागा मिळाल्या. पक्ष संपला, असेच कोणालाही वाटावे. पण त्याची मागणी पूर्ण केली ती समाजवादाची भाषा बोलणाऱ्या, मद्यपान न लपविणाऱ्या भुत्तोंनी! १९७४ मध्ये घटनादुरुस्तीने अहमदिया बिगरमुस्लिम ठरले. १९७७ मध्ये खुर्ची डळमळताच भुत्तोंनी दारूबंदी केली, रविवारची सुटी शुक्रवारी नेली. खुर्ची तरीही गेली. मग झिया आले. जमातचे लोक काही काळ मंत्री झाले आणि १९७९ मध्ये हुदूद कायदे लागू झाले. त्याच वर्षी मौदुदी निवर्तले, तेही अमेरिकेतील इस्पितळात.

पेटविलेली आग मग जमातच्याही हाती राहिली नाही. ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशी झालेल्या आसिया बीबी या ख्रिस्ती स्त्रीची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. तो दर्ग्यांना मानणाऱ्या बरेलवी पंथाचा होता. न्यायालयात वकिलांनी त्याच्यावर गुलाबपाकळ्या उधळल्या. त्याचा जयजयकार करीत वाढलेल्या तहरीके लब्बैकला २०१८ मध्ये २२ लाखांवर मते पडली, राष्ट्रीय सभेत जागा मात्र एकही नाही. काही महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने आसिया बीबीला निर्दोष सोडले. तेव्हा रस्ते अडविणाऱ्या याच पक्षाशी इम्रान खान सरकारने दोन-तीन दिवसांत लेखी करार केला.