रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य

सीताराम खंडेराव वैद्य हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत काम करणारे अभियंता आणि वास्तुकार. मुंबई ज्या इमारतींवरून ओळखली जाते त्यांतल्या तीन त्यांच्या हाताखालून गेल्या. तरी वास्तुकलेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला दोन-चार ओळीच येतात.

पहिली बोरीबंदरची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या या स्थानकाचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, काम 1878 मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. वैद्य सहायक अभियंता. कागदावरची कमान दगडात उतरवणे, पाथरवटांकडून मापे काटेकोर पाळून घेणे, मालाची प्रत आणि बिले तपासणे, हे सारे सहायकाकडे येई. स्थानकाचा अष्टकोनी घुमट खालून सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता आधार, न लावता रचला गेला. असे काम जागेवर उभे राहून करून घ्यावे लागते.

समोरच्याच महापालिकेच्या इमारतीची कोनशिला लॉर्ड रिपन यांनी 1884 मध्ये बसवली, परंतु प्रत्यक्ष बांधकाम 1889 ते 1893 या काळात झाले. येथेही वास्तुकार स्टीव्हन्स आणि कामावर देखरेख वैद्यांची. ठेकेदार व्यंकू बाळाजी कालेवार होते. मंजूर खर्च 11,88,082 रुपये होता. इमारत 11,19,969 रुपयांत उभी राहिली. मंजुरीच्या आत पुरे झालेले सरकारी काम तेव्हाही दुर्मीळच असणार.

या दोन्ही कामांत वैद्य दुसऱ्याचा आराखडा राबवत होते. जमशेटजी टाटांनी अपोलो बंदरावर हॉटेल बांधायचे ठरवले, तेव्हा मात्र आराखडा वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांच्याकडे आला. ताजमहाल हॉटेलचा मधला घुमट आणि कोपऱ्यांवरचे छोटे घुमट पाहिले की बोरीबंदरच्या अनुभवाची खूण पटते. काम अर्ध्यावर असताना वैद्यांचे निधन झाले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने ते पुरे केले. बांधकाम सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचे; आतला प्रसिद्ध जिनाही त्यांचाच. हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडले.

ताजची इमारत उलटी, म्हणजे समुद्राकडे पाठ करून, बांधली गेली म्हणून वास्तुकाराने आत्महत्या केली, ही दंतकथा मुंबईत अजून सांगितली जाते. तिला आधार नाही. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने ठेवला होता, कारण पाहुण्यांच्या गाड्या तिकडूनच येत. आणि मूळ आराखडा करणारे वैद्य तर हॉटेल पुरे होण्याआधीच वारले होते.

ताजच्या वास्तुकारांची नावे देताना चेंबर्स यांच्या आधी वैद्य आणि मिर्झा यांची यायला हवीत. स्थापत्यशास्त्राच्या स्नातकांनी आपल्या लेखनात तरी हा क्रम पाळावा.