खुनी कोण, हे विचारतंय कोण?

(धुळ्यातल्या युवा शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, मधले प्रश्न तेवढे गाळले आहेत.)

काल रात्री याच हॉलात आपण पांढऱ्या चादरीवर ‘कोर्ट’ पाहिला. संपल्यावर मागून एक पोऱ्या ओरडला, “भाऊ, मानूस मरी गया, पन याम्हा सस्पेन कोठे शे?” हॉल हसला. मला मात्र त्या पोऱ्याला शाबासकी द्यायची आहे. रहस्य म्हणजे काय आणि ते कोणासाठी, हा सवाल त्यानं नेमक्या जागी हाणला. आज त्याच्यावरच बोलतो.

एक आधीच सांगून टाकतो. मला रहस्यपट आवडतात. चळवळीच्या माणसानं फक्त जाहीरनामे वाचावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल बाहेर चहा प्यावा. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही नावं गिरणीतल्या कामगाराला, हमालाला पाठ होती. लायब्ररीतून भाड्यानं आणायची, रातोरात संपवायची. समीक्षकांनी नाक मुरडलं. ते ज्याच्याकडे नाक मुरडतात त्याच्याबद्दल आपल्याला मुळातच आपुलकी. आपल्यातली कितीतरी माणसं अशीच वाचायला शिकली.

पण आवडतं म्हणून डोळे झाकायचे नाहीत. या कथेचं यंत्र उघडून बघा. एक प्रेत लागतं. पाच-सहा संशयित लागतात. माहिती थोडी द्यायची, थोडी दाबायची. शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करायचं आणि एकाकडे बोट दाखवायचं. तो एक पकडला गेला की काय होतं? बाकीचे सुटतात. वाडा निर्दोष, इस्टेट निर्दोष, अख्खं गाव धुतल्या तांदळासारखं. पाहणारा घरी जाऊन गाढ झोपतो.

राजा परांजपेंचा ‘पाठलाग’ आला १९६४ मध्ये. त्याच्यावरनं हिंदीत ‘मेरा साया’, १९६६. साठ वर्षं झाली, आता फोडलं तर चालेल. नामांकित वकिलाची बायको मेली. आणि हुबेहूब तीच बाई आरोपी म्हणून कोर्टात उभी. हिंदीत अख्खा सस्पेन्स एवढाच, की बाई घरंदाज आहे का दरोडेखोरांच्या टोळीतली? घरंदाज निघते आणि थेटर सुटकेचा श्वास सोडतं. टोळीतली जी होती ती आधीच मेलेली, तिच्यासाठी कोणी श्वास रोखला नव्हता. सिनेमा फर्मास आहे, मी तीनदा पाहिला. पण कोणाचं काय होईल याची काळजी आपल्याकडनं करून घेतली जाते, ते तिसऱ्यांदा पाहताना कळलं.

मग घराघरात टीव्ही आला. १९८५ मध्ये गाजर खाणारा करमचंद, १९९३ मध्ये ब्योमकेश बक्शी. ही डोकं चालवणारी माणसं होती. मराठीत ‘एक शून्य शून्य’ होतं, त्यातले शिवाजी साटम १९९८ पासून ‘सीआयडी’त एसीपी झाले. ती मालिका २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उभी राहिली. तिथं रहस्य कसं उलगडतं? दया दार तोडतो. आत जो सापडेल त्याच्या कानाखाली वाजवतो. तो रडत रडत कबुली देतो. खलास. मार म्हणजे पुरावा, हे वीस वर्षं आपल्या पोरांनी जेवताना पाहिलं.

उलट ‘दृश्यम’मध्ये पोलीस त्या सालगावकर कुटुंबाला मारतात, लहान पोरीला सुद्धा सोडत नाहीत, तेव्हा मल्टिप्लेक्समधली माणसं हळहळली. बरोबरच आहे. पारध्याच्या पालावर पहाटे गाडी येते आणि बापाला, पोराला उचलून नेते, त्याच्यासाठी हेच लोक हळहळतात का, ते तुम्ही सांगा.

आता संशयिताकडे येऊ. संशयित कसा ठरतो? आपल्याकडे तो कथा सुरू व्हायच्या आधीच ठरलेला असतो. इंग्रजानं १८७१ मध्ये कायदाच केला, की अमुक जमातीत जन्मला तो जन्मजात गुन्हेगार. १९५२ ला कायदा गेला, १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. नाव बदललं, फौजदाराची नजर तीच. आणि मजा बघा, ज्या बोटांच्या ठशावर जगभरच्या डिटेक्टिव्हांची दुकानदारी चालली, त्या ठशांचं कार्यालय निघालं १८९७ मध्ये कलकत्त्याला. वर्गीकरणाची मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी फौजदारांची. पद्धतीला नाव लागलं हेन्री साहेबाचं. ही चोरी कुठल्या करमचंदनं पकडली?

आपल्या खान्देशात परका माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, “कोनता गावना शे रे तू?” शहरात हाच प्रश्न इस्त्री करून येतो, “तुम्ही कोणापैकी?” तपास इथंच सुरू होतो आणि बऱ्याचदा इथंच संपतो.

१ जुलै २०१८. साक्री तालुका, पिंपळनेरजवळचं राईनपाडा. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे. त्यांच्यातला एक जण एका लहान पोरीशी बोलला म्हणे. झालं. मुलं पळवणारी टोळी! पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावानं ठेचून मारलं. त्याचेही व्हिडिओ निघाले.

मित्रांनो, हा रहस्यपटच होता. फक्त तो मोबाईलवर चालू होता. त्या उन्हाळ्यात देशभर जी क्लिप फिरत होती ती आठवा. मोटारसायकलवर दोघं येतात, रस्त्यावरचं पोर उचलतात, पसार होतात. ती क्लिप मुळात पाकिस्तानातल्या कराचीत पालकांना सावध करण्यासाठी केलेली होती. पुढच्या भागात ते दोघं परत येतात, पोर खाली सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला. शेवटचं रीळ कापलेला सिनेमा गावोगाव दाखवला, आणि राईनपाड्यानं शेवट आपल्या हातानं पुरा केला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात मेसेज एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल असा नियम आणला. पाच मेले, पाचचा नियम. हिशेब जमला!

आता जे बोलणार ते काही जणांना झोंबेल. राईनपाडा आदिवासींचं गाव आहे. मारायला कुठला पाटील आला नव्हता की कुठला भटजी. मार खाऊन खाऊन ज्यांची पाठ सोललीय त्यांनीच भटक्यांना मारलं. सवर्णांच्या नावानं घोषणा देऊन हा विषय उरकता येणार नाही. संशय कोणावर घ्यायचा ते आपल्याला कोणीतरी शिकवलंय आणि आपण चांगल्या मार्कांनी पास झालोय. जळगाव-धुळ्याच्या स्टँडवर झोळीवाला दिसला की पोराला मागं ओढणारी बाई आपल्या वस्तीतलीही असते.

याच्या तीनच आठवडे आधी जामनेर तालुक्यातल्या वाकडीत दलित पोरांना, विहिरीत पोहले म्हणून, नागडं करून मारलं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यात कसलं आलंय रहस्य? आपल्यावरच्या अत्याचारात ‘कोणी केलं’ हे गावाला पहिल्याच तासाला माहीत असतं. रहस्य नंतर तयार करतात, ठाण्यात आणि कोर्टात. खर्ड्याचा नितीन आगे. एप्रिल २०१४, सतरा वर्षांचा पोरगा, भरदिवसा शाळेतून नेऊन मारला. साक्षीदार फुटले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टातून सगळे सुटले. म्हंजे सरकारी कागदावर नितीनला कोणीच मारलं नाही. अर्नाळकरांनाही असा शेवट सुचला नसता. बंद खोलीतल्या खुनाच्या गोष्टी खूप झाल्या. इथं खोली उघडी, दिवस उजेडाचा, बघणारे हजर, आणि खुनी नाही!

आता ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा. गटारात उतरणारा कामगार मरतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप, की यांचं गाणं ऐकून त्यानं जीव दिला. शाहिराचं काम केलं नागपूरच्या वीरा साथीदारांनी. ‘विद्रोही’चे संपादक, आपला माणूस, २०२१ मध्ये कोरोनानं नेला. सरकार खुनी शोधतं ते गाण्यात! आणि खरा उलगडा कुठं आहे? त्या विधवेच्या साक्षीत. ती शांतपणे सांगते, की नवरा आत खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर उतरायचा. झुरळ जिवंत म्हणजे हवा ठीक. मास्क नाही, दोर नाही, वायूनं एक डोळा आधीच गेलेला. सापडला की खुनी! पण त्याला बेड्या कशा घालणार? तो महापालिकेच्या कारभारात आहे, ठेक्यात आहे, जातीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१४ मध्ये गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केले. भाव वाढला, उतरवणं थांबलं नाही. म्हणून मित्रा, सस्पेन्स नाही असं तुला वाटलं. दिवाणखान्यात बोट दाखवायला तिथं एक माणूसच नव्हता.

असा सिनेमा रंजक होऊच शकत नाही असंही नाही. २०२३ ची ‘दहाड’ बघा. बाया गायब होतात आणि तक्रारीच नाहीत. पळून गेली असेल, असं म्हणून घरच्यांनी आणि पोलिसांनी फाईलच उघडलेली नाही. पहिला धागा म्हणजे ही नसलेली तक्रार. तपास करणारी दलित फौजदारीण अंजली भाटी, बापानं बदललेलं आडनाव लावणारी. ती शेजारून गेली की ठाण्यातला एक जण उदबत्ती लावतो. मूळ प्रकरण कर्नाटकातल्या सायनाइड मोहनचं. मला शेवटचे भाग लांबवलेले वाटले, पण ती उदबत्ती विसरत नाही.

आणि आपल्याकडे तर खान्देशातलीच एक अस्सल तपासकथा आहे. लिहिणारे स्वतः बाबासाहेब. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० मध्ये छापलेली आठवणींची पुस्तिका. दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो, कारण १९३७ मध्ये धुळ्याच्या कोर्टात कामाला आलेले बाबासाहेब तिथं उतरले होते. चाळीसगावची गोष्ट मात्र आपण नुसती अपघात म्हणून सांगून टाकतो. ती परत वाचा, रहस्यकथा म्हणून वाचा.

साल १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सभासद. धुळे लाईनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची माहिती घेऊन चाळीसगाव स्टेशनला परतले. लोक हार घेऊन उभे. महारवाडा दोन मैलांवर. टांगे भरपूर. तरी कोणी हलत नाही, तासभर ताटकळत. हा पहिला धागा. मग टांगा येतो, थोड्याच अंतरावर मोटारीवर आदळता आदळता वाचतो. रोज भाडं मारणारा टांगेवाला असा कच्चा कसा? हा दुसरा. नदीवरच्या फरशीवर घोडं उधळतं, चाक दगडावर आपटतं, बाबासाहेब फरशीवर फेकले जातात, टांगा घोड्यासकट नदीत. पाय मोडला. रोज टांगे जातात त्या फरशीवर आजच कसं झालं? लेखक उत्तर दाबून ठेवतो, तुम्हाला त्यांच्याबरोबर कोड्यात टाकतो, आणि मग चौकशी करतो.

चौकशीत निघतं ते असं. अस्पृश्य उतारू बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. आपल्या लोकांना बाबासाहेबांनी पायी चालत यावं हे पटेना. तडजोड झाली, की टांगा भाड्यानं घ्या, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. ज्यानं लगाम धरला त्याला हाकता येत नव्हतं. आता सांगा, बोट कोणाकडे दाखवता? त्या बिचाऱ्या नवख्याकडे? घोड्याकडे?

इथं शिबिरात कॅमेरेवाले मोबाईल चाळीस तरी असतील. अहिराणी विनोदाच्या क्लिपा आपली पोरं झकास काढतात. ही गोष्ट काढा. टांगा, नदी, पडणं हे सगळं नंतर, तेवढे पैसेही आपल्याकडे नाहीत. पहिला तासच काढा, स्टेशनचा. रांगेनं उभे टांगे, हातात हार धरून उभी माणसं, बाकावर बसलेले बॅरिस्टर, आणि कोणीच काही बोलत नाही. कोपऱ्यात कुजबुज करून दर ठरतोय, तो आवाज पुसट ठेवा. मालकानं टांगा फुकट दिला नव्हता, त्या दिवसाचं भाडं त्यानं घेतलं होतं.

जय भीम.